बैठकीतलं कळणं

मराठीत कारभार चालणाऱ्या कुठल्याही संस्थेची विषयपत्रिका उघडा. गृहनिर्माण सोसायटी असो, वाचनालय असो, साखर कारखाना असो की ग्रामपंचायत, विषय क्रमांक १ बहुधा ठरलेला असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यातले शब्द कानाला लागेनासे होतात. ‘इतिवृत्त’ म्हणजे ‘असं असं घडलं’. हा नाट्यशास्त्रातला शब्द आहे. भरतमुनींनी इतिवृत्ताला नाट्याचं शरीर म्हटलं आहे. ‘कायम’ अरबीतून आला. तिथे ‘क़ाइम’ म्हणजे उभा असलेला. आपला ‘मुक्काम’ही त्याच धातूचा. म्हणजे बसलेल्या माणसांनी, वाचून, एक गोष्ट उभी करायची. एका ओळीत संस्कृत आणि अरबी शेजारी बसले आहेत आणि बसणं, वाचणं, उभं करणं या तीन क्रियाही आल्या आहेत.

चौथी क्रिया मात्र त्या ओळीत नाही. जे वाचलं ते कळलं का, आणि कोणाला कळलं?

एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काही वर्षं कार्यवाह होते. आम्ही अकरा जण. अंदाजपत्रकाच्या सभेत कोषाध्यक्ष आकडे वाचून दाखवायचे, स्पष्ट आवाजात, एकही ओळ न गाळता. वाचून झालं की अध्यक्ष विचारायचे, ‘कळलं ना सगळ्यांना?’ माना हलायच्या आणि मी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायचे. एकदा सभा संपल्यावर आमचे एक वयस्कर सदस्य जिन्यात थांबले. आयुष्यभर छापखाना चालवलेला माणूस. म्हणाले, “ताई, आकडे मला कानानं कळत नाहीत. कागद हातात असता तर कपाटांच्या खर्चावर मी बोललो असतो.” त्याच आठवड्यात दुसऱ्या सदस्य, निवृत्त मुख्याध्यापिका, यांचा फोन आला. त्यांचं नेमकं उलटं होतं. मी त्यांना आधी पाठवलेलं टिपण त्यांनी तीनदा वाचलं होतं. “कोणीतरी तोंडानं सांगितल्याशिवाय मला त्याचा अंदाजच येत नाही गं,” त्या म्हणाल्या. दोघंही तल्लख. दोघांनीही सभेत मान हलवली होती. ‘सर्वानुमते’ हा मी लिहिलेला शब्द तेव्हापासून मला टोचत राहिला, आणि ‘कळणे’ या शब्दाचा मी माग काढू लागले.

आधी ‘बैठक’ पाहू. संस्कृत ‘उपविष्ट’ म्हणजे बसलेला. प्राकृतात त्याचं ‘बइट्ठ’ झालं, त्यातून ‘बैठा’ आणि ‘बैठक’. ‘उपविशति’चं ‘बइसइ’ झालं, त्यातून जुन्या मराठीतलं ‘बैसणे’ आणि आजचं ‘बसणे’. मराठीनं हा शब्द सढळ हातानं वापरला. दिवाणखान्यातली गादी-तक्क्यांची बैठक, गवयाची बैठक, बैठकीची लावणी, तालमीतल्या जोर-बैठका, एखाद्या लेखकाची वैचारिक बैठक, ही सगळी एकाच शब्दाची लेकरं. पण सभेच्या अर्थानं तो वापरला की त्यात एकच गोष्ट सांगितली जाते: माणसं बसली होती.

यात मराठी एकटी नाही. संस्कृतातला ‘सद्’ म्हणजे बसणे. त्यातून ‘परिषद’, भोवती बसणं. ‘संसद’, एकत्र बसणं. ‘उपनिषद’, गुरूच्या जवळ खाली बसणं. अरबीत ‘जलस’ म्हणजे बसणे, त्यातून ‘मजलिस’. जगातल्या पुष्कळ भाषांना माणसं एकत्र येऊन विचार करतात तेव्हा पहिल्यांदा त्यांचं बसणंच दिसलं. ‘समिती’ तेवढी वेगळी. ‘सम्’ आणि ‘इ’, म्हणजे एकत्र येणं, चालत येणं. अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन मुली म्हटलं आहे. एक सभा, तिच्यावरून ‘सभ्य’, सभेत शोभेल असा. दुसरी वेगवेगळ्या वाटांनी येऊन मिळणाऱ्यांची. मला ही दुसरी जास्त जवळची वाटते. वेगवेगळ्या वाटांनी माणसं येतात हे तिच्या नावातच आहे.

त्या अरबी ‘जलस’चा आणखी एक शब्द मराठीत आला, ‘जलसा’. मुळात तोही बसणंच. पण महाराष्ट्रात त्याचं जे झालं ते विलक्षण आहे. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढे त्या समाजाचा विचार गावोगाव नेण्यासाठी सत्यशोधकी जलसे उभे राहिले. नंतर आंबेडकरी जलसे आले. जो विचार सभेतल्या भाषणातून काही लोकांपर्यंतच पोचला असता, तो ढोलकीवर, सवाल-जबाबात, गाण्यात आणि सोंगात बसवून दाखवला गेला. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना तो कळला आणि पाठही झाला. बसण्याचा शब्द शिकवण्याचा शब्द झाला, आणि हे ज्यांनी केलं त्यांना आपला समाज कोणत्या वाटेनं शिकतो याची पक्की जाण होती.

गुप्त विचारविनिमयाला आपण ‘खलबत’ म्हणतो. तो ‘ख़ल्वत’, म्हणजे एकांत. रायगडावर खलबतखाना दाखवतात. औषधाच्या खलबत्त्याशी त्याचा संबंध नाही. मात्र ‘एखाद्या विषयाचा खल करणे’ हे त्या घोटण्याच्या खलातून आलं. वैद्य मात्रा उगाळतो तसा विषय उगाळायचा. ‘चर्चा’ही मुळात हाताशी जवळीक सांगणारी आहे. संस्कृतात चर्चा म्हणजे विचार, आणि चर्चा म्हणजे अंगाला चंदनाची उटी लावणंही. ‘चंदनचर्चित’मध्ये तो अर्थ शिल्लक आहे. म्हणजे सभेसाठी आपण जे शब्द वापरतो त्यांत एकीकडे नुसतं बसणं आहे आणि दुसरीकडे घोटणं, चोळणं, मुरवणं. काम होतं ते दुसरीकडच्या शब्दांत.

आता ‘कळणे’. संस्कृत ‘कल्’ म्हणजे मोजणे, ध्यानात घेणे. ‘कलयति’वरून आपलं ‘कळणे’ आलं. ‘आकलन’ आणि ‘संकलन’ त्याच घरातले. ‘समजणे’ आलं ‘संबुध्यते’वरून, ‘बुध्’ म्हणजे जागं होणं. ‘बुद्ध’ आणि ‘बोध’ त्याचे सोयरे. म्हणजे कळणं हे हिशेबाच्या बाजूचं आणि समजणं हे जागं होण्याच्या बाजूचं. बोलण्यात आपण दोन्ही सरमिसळ करतो, पण ‘समज’ दिली जाते, समजूत घातली जाते, कोणी गैरसमज करून देतो. ‘उमज’ कोणाला देता येत नाही. ती पडते. अधिकाऱ्यानं कर्मचाऱ्याला समज दिली म्हणजे ताकीद दिली. उमज पडली की नाही हे त्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक.

व्याकरण याहून खोल जातं. मराठीत ‘मी कळतो’ असं म्हणता येत नाही. ‘मला कळतं’ असंच म्हणावं लागतं. मला दिसतं, मला ऐकू येतं, मला आठवतं, मला पोहता येतं. ज्ञान आणि कौशल्य माझ्याकडे ‘येतं’; मी त्याचा कर्ता नसते, ते जिथे उतरतं ती जागा असते. ‘शिकणे’ मात्र ‘मी’ मागतं. मी शिकते. श्रम माझे, पण कळणं येणारं. आणि त्या ‘शिकणे’चीही एक गंमत आहे. भूतकाळात ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद पोळीमागे जातं, ‘मी पत्र लिहिलं’ म्हणताना पत्रामागे. सकर्मक क्रियापदांची ही नेहमीची चाल. पण ‘मी कविता शिकले’, ‘मी गणित शिकलो’ म्हणताना क्रियापद कवितेमागे जात नाही, गणितामागे जात नाही. ते शिकणाऱ्याच्या मागे येतं. शिकल्यानं गणित बदलत नाही, माणूस बदलतो. व्याकरणकार याला अपवाद म्हणून नोंदवतील. मला ती भाषेनं राखलेली समजूत वाटते.

‘शिकणे’ हा शब्द ‘शिक्षते’वरून आला, आणि ‘शिक्षते’ हे ‘शक्’ धातूचं इच्छादर्शक रूप. ‘ज्ञा’वरून ‘जिज्ञासा’, तसं ‘शक्’वरून ‘शिक्षा’. करता यावं अशी इच्छा, ती शिक्षा. वेदांगांत पहिलं नाव शिक्षेचं, म्हणजे उच्चारशास्त्राचं. हिंदीनं शिक्षणाचा अर्थ राखला. आपण मात्र ‘शिक्षा’ला दंडाच्या खात्यात टाकलं. पंतोजींच्या छडीनं तो अर्थ पक्का केला असेल का, असा विचार मनात येतो. कारण काही असो, ‘करता यावं’ ही इच्छा त्या शब्दातून निघून गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. सभेतही तेच घडतं. ‘यांना सांगून झालं’ याची नोंद राहते आणि ‘यांना आता हे करता येईल का’ हा प्रश्न निघून जातो.

छापखानेवाले काका आणि मुख्याध्यापिका बाई यांच्याकडे परत येते. या दोघांची फारकत पीटर ड्रकर या व्यवस्थापनशास्त्रज्ञानं फार नेमकी मांडली आहे. १९९९मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत आलेल्या ‘मॅनेजिंग वनसेल्फ’ या लेखात तो म्हणतो की आपण काम कसं करतो हे समजून घेताना माणसानं पहिल्यांदा हे ओळखावं, आपण वाचणारे आहोत की ऐकणारे. त्याचं उदाहरण आयझेनहॉवरचं. दुसऱ्या महायुद्धात सेनापती असताना त्यांच्या पत्रकार परिषदा गाजत, कारण प्रश्न किमान अर्धा तास आधी लेखी त्यांच्या हातात पडत. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी रूझवेल्ट आणि ट्रुमन यांची तोंडी प्रश्नोत्तरांची रीत तशीच उचलली. ते दोघं ऐकणारे होते, आयझेनहॉवर वाचणारे. त्याच पत्रकारांना आता ते भरकटत उत्तरं देणारे वाटू लागले. माणूस तोच, बुद्धी तीच. सभेची रीत बदलली.

दुसरं उदाहरण ॲमेझॉनचं. जून २००४मध्ये जेफ बेझोस यांनी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. त्याऐवजी सलग गद्यात लिहिलेलं टिपण, पुढे ज्याची मर्यादा सहा पानांची झाली. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते तिथेच बसून, न बोलता वाचतात, समासात खुणा करतात, आणि मग बोलणं सुरू होतं. आधी वाचून या असं सांगून भागत नाही हे त्यांनी ओळखलं आणि वाचायला बैठकीतलाच वेळ दिला. छापखानेवाल्या काकांना ही बैठक फार आवडली असती.

इथे ‘वाचणे’ या शब्दाकडे बघावंसं वाटतं. संस्कृत ‘वच्’ म्हणजे बोलणे, आणि ‘वाचयति’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे ‘बोलायला लावतो’. कागदाला बोलायला लावणं, ते वाचणं. मूक वाचन ही कल्पना या शब्दाच्या मुळाला परकीच आहे. (जीव वाचणं ते निराळं. ते ‘वञ्च्’वरून, निसटून जाण्यावरून आलं, जुन्या लेखनात ‘वांचणे’ असा अनुस्वार असे आणि दोघांची ओळख त्यावरून पटे.) ‘लिहिणे’ आलं ‘लिख्’वरून, म्हणजे ओरखडणे, ‘रेखा’ आणि तिच्यातून आलेली ‘रेघ’ही त्याच ओरखड्यातली. म्हणजे मराठीत वाचणारा मुळात कानाचाच आणि लिहिणारा मुळात हाताचा. वाचणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे ही ड्रकरची फोड उपयोगाची आहे, पण आपल्या शब्दांच्या मुळाशी या वाटा एकमेकींना छेदून जातात.

‘ऐकणे’चे तर दोन अर्थ आपल्याला रोज भेटतात. ‘तो ऐकतो’ म्हणजे त्याच्या कानावर पडतं आणि ‘तो ऐकतो’ म्हणजे तो सांगितलेलं मानतो. ‘मुलगा ऐकत नाही’ यात कानाची तक्रार नाही. कार्यकारिणीच्या सभेत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात तिथेच घोटाळा होतो. सगळे ऐकत आहेत, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे, असं गृहीत धरलं जातं.

विशेषणांची एक मौज मला फार उशिरा लक्षात आली. नुसत्या कानानं मिळवलेल्या माहितीला मराठी ‘ऐकीव’ म्हणते, आणि त्यात अविश्वास आहे. नुसत्या वाचनानं आलेल्या ज्ञानाला ‘पुस्तकी’ म्हणते, आणि त्यातही कमीपणा आहे. नुसतं पाहणारे ते ‘बघे’. एकेका वाटेनं आलेल्या ज्ञानावर ही भाषा विश्वास टाकायला तयार नाही. मान मिळतो तो जोडशब्दांना: लिहिता-वाचता येणारा, शिकला-सवरलेला. ‘ऐकीव’ला हिणवणाऱ्या याच भाषेनं संस्कृतातून ‘बहुश्रुत’ घेतला आणि त्याला डोक्यावर बसवलं. पुष्कळ ऐकलेला तो बहुश्रुत, आणि तो मोठा. फरक ‘बहु’मध्ये आहे. एकदा ऐकलेलं ऐकीव राहतं. अनेकांकडून, अनेकदा ऐकलेलं माणसाला बहुश्रुत करतं.

आणि तज्ज्ञांसाठीचे शब्द पाहा. ‘निष्णात’ म्हणजे त्यात खोल न्हालेला. ‘स्ना’ म्हणजे न्हाणे. ‘पारंगत’ म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. ‘कुशल’ची परंपरेनं सांगितलेली फोड अशी की हात कापून न घेता दर्भ, म्हणजे कुश, खुडता येतो तो. ‘प्रवीण’ म्हणजे वीणेत उत्तम. मम्मटानं काव्यप्रकाशात लक्षणेचं उदाहरण देताना हाच ‘कुशल’ घेतला, कारण कुश खुडण्याचा मूळ अर्थ मागे पडून नुसती निपुणता उरली होती. अंगानं पाण्यात उतरणं, काठ गाठणं, गवत खुडणं, तार छेडणं. एकही शब्द खुर्चीत बसून ऐकण्याचा नाही. देशी मराठीत तर ‘हातखंडा’, ‘अंगवळणी पडणे’, ‘अंगात मुरणे’. शिकलेलं शरीरात कुठे जाऊन बसतं याची मराठीला चांगली माहिती आहे.

ही माहिती जुन्या गावठी शाळांतून आलेली असावी. धूळपाटीवर बोटानं अक्षर काढायचं, म्हणून ‘धुळाक्षर’. एका अक्षरावरून पुनःपुन्हा हात फिरवायचा, ते ‘गिरवणे’. समोर ठेवायचा नमुना तो ‘कित्ता’. अरबी ‘क़ित्अ’, म्हणजे तुकडा, सुलेखनाचा नमुन्याचा तुकडा. ‘त्यांचा कित्ता गिरवा’ असं आपण मोठ्या माणसांबद्दल म्हणतो तेव्हा चरित्राच्या जागी अक्षर ठेवतो आणि अनुकरणाच्या जागी बोट. संध्याकाळी सगळ्या पोरांनी एका सुरात पावकी, निमकी, अडीचकी, औटकी म्हणायची. ‘घोकणे’ हे ‘घोष’चं रूप, म्हणजे मोठ्यानं म्हणणं. बोट, डोळा, कान, गळा, सगळे कामाला लावलेले. त्या शाळांत मार होता, जातीची भिंत होती, मुलींना दार बंद होतं. त्यांचं कौतुक करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण एका पोराला एका पाठासाठी चार वाटा द्याव्या लागतात हे त्या पंतोजीला माहीत होतं.

चार वाटा म्हटलं की आजची एक लोकप्रिय समजूत आडवी येते. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी कॉलीन मिल्स यांच्यासोबत १९९२मध्ये चार प्रकार मांडले: दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती. तिथून ‘मी व्हिज्युअल आहे’, ‘ती ऑडिटरी आहे’ असं बोलण्याची रीत कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतही पसरली. २००८मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. माणसांना आवडीनिवडी असतात हे खरं. पण ज्याच्या-त्याच्या आवडीच्या प्रकारानं शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तेव्हा कार्यकारिणीच्या अकरा जणांना चार पेट्यांत वाटून टाकणं ही चूक होईल. आमच्या काकांना कागद हवा होता तो आकड्यांसाठी. गावातल्या भांडणाची हकिकत ते कानानंच ऐकत आणि शब्दन् शब्द लक्षात ठेवत.

माझ्या मते यात शब्दाचाही दोष आहे. ‘लर्निंग स्टाइल’चं आपण ‘अध्ययनशैली’ केलं. ‘शैली’ हा शब्द ‘शील’वरून आला, शील म्हणजे स्वभाव, ठरलेली वृत्ती. एकदा शील म्हटलं की ते माणसाला चिकटतं. इंग्रजी ‘स्टाइल’ मुळात लॅटिन ‘स्टिलस’, मेणाच्या पाटीवर ओरखडायची लेखणी. हातातली वस्तू, खाली ठेवता येणारी. आपल्याकडे याला ‘वळण’ हा शब्द जास्त शोभला असता. अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लागतं, रस्त्याला वळण असतं. वळण लागतं म्हणजे ते लावता येतं, बदलता येतं. आणि रस्त्याचं वळण गाडीवर अवलंबून नसतं, डोंगरावर असतं. कळण्याचंही तसंच आहे. वाट पुष्कळदा विषय ठरवतो. नकाशा ऐकवता येत नाही. यमन राग छापून कळत नाही. गाठ मारायला शिकायची तर दोरी हातात घ्यावी लागते. ताळेबंद डोळ्यांसमोर हवा, आणि कर्मचाऱ्याची तक्रार त्याच्याच तोंडून ऐकायला हवी, सारांशातून नव्हे.

महसूल खात्यानं हे एका शब्दात साधलं आहे: ‘चावडीवाचन’. सात-बारावरच्या नोंदी गावच्या चावडीत मोठ्यानं वाचून दाखवायच्या. कागद आहे, आवाज आहे, आणि ऐकणारे सगळे त्या जमिनीचे शेजारी आहेत. नोंद चुकली असेल तर तिथल्या तिथे कोणीतरी ‘थांबा’ म्हणतं. ‘वाचणे’चा मूळ अर्थ, कागदाला बोलतं करणं, इथे जिवंत आहे.

दुसरा शब्द ‘शिवारफेरी’. जलयुक्त शिवारसारख्या योजनांत गावाचा आराखडा ठरवण्याआधी अधिकारी आणि गावकरी मिळून शिवार चालत पाहतात. ओढा कुठे फुटला आहे, बांध कुठे खचला आहे, विहीर कुठल्या उतारावर आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावानं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायची प्रथा पाडली. पाऊस किती पडला, पाणी किती उरलं, मग कुठली पिकं घ्यायची. आधी पायानं, मग डोळ्यानं, मग आकड्यानं, आणि शेवटी बोलून. ही बैठक आहे, पण तिची सुरुवात चालण्यानं झाली आहे. ‘समिती’ या शब्दातलं ‘चालत एकत्र येणं’ मला तिथे भेटतं.

मराठीत ‘पाहणे’ हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की त्याचा अर्थ प्रयोग होतो: करून पाहू, बोलून पाहू, विचारून पाहू. ‘दाखवणे’ जोडलं की पुरावा होतो: करून दाखवलं. संचालक मंडळात, विश्वस्तांत, मुख्याध्यापकांच्या सभेत निर्णय घेणारी माणसं ‘ठराव केला’ म्हणतात. ‘करून पाहिलं’ असं क्वचित म्हणतात. ठराव थांबवतो, पक्का करतो. पाहणं उघडं ठेवतं.

वाचनालयात आम्ही पुढे तीन गोष्टी बदलल्या. अंदाजपत्रकाचा कागद सभेच्या टेबलावर प्रत्येकाच्या पुढे ठेवला आणि दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही असं ठरवलं. त्यानंतर कोषाध्यक्षांनी आकडे न वाचता त्यांची कथा सांगायची: मागच्या वर्षी हे का वाढलं, हे का घटलं. आणि कपाटांचा विषय आला तेव्हा आम्ही सगळे उठून ग्रंथदालनात गेलो आणि कपाटांपुढे उभं राहून बोललो. काका अर्धा तास बोलले. बाईंनी त्यांना दोन प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांवर खर्चाचा आकडा बदलला. इतिवृत्तात मी पहिल्यांदाच ‘चर्चेअंती’ हा शब्द मनापासून लिहिला.

अध्यक्षांचा प्रश्नही बदलला. ‘कळलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर सभ्यपणात बसतं, कारण ‘नाही’ म्हणणारा सगळ्यांदेखत उणा ठरतो. ‘कसं सांगितलं तर कळेल?’ असा प्रश्न विचारला की उणेपणा सांगणाऱ्याकडे जातो, आणि मराठीच्या व्याकरणाला तेच मान्य आहे. ज्याला कळतं तो ‘मला’ म्हणतो. पोचवण्याची जबाबदारी दुसऱ्या टोकाला असते.

जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीला ‘कळावे, लोभ असावा’ असं लिहीत. ‘मी कळवले आहे’ असं नाही, कळावे. लिहिणाऱ्यानं आपलं काम केलं आणि बाकीचं विनंतीत ठेवलं. सरकारी पत्रांत अजूनही हा शब्द अधूनमधून दिसतो. तुमच्या गावात, घराण्यात, धंद्यात नीट न कळल्याचं सांगायला आणि पुन्हा, वेगळ्या रीतीनं सांगा असं विनवायला काही खास शब्द असतील. खानदेशात, कोकणात, गोव्यात, बेळगावकडे, बडोद्या-इंदूरच्या मराठीत ते वेगळे असणारच. ते टिपून ठेवा, आणि पुढच्या सभेत विषय क्रमांक १ संपला की मोठ्यानं वापरा. कळावे.